गरी, रापण आणि साठीनंतरचे शरीर

मागील अंकात याच सदरात ज्येष्ठांनी रोज अर्धा तास चालावे, असे सुचवले होते. त्यावर किनारपट्टीवरून आणि कोकणातल्या आतल्या गावांतून आलेल्या पत्रांचा सूर जवळपास सारखाच आहे. बागेत गोल फेऱ्या मारण्यात मन रमत नाही, परंतु खाडीवर, समुद्रावर किंवा रानात जाण्याची हौस अजून शिल्लक आहे, तेव्हा ती व्यायाम म्हणून चालेल का, असे वाचक विचारत आहेत. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी 71 वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. आमचे घर खाडीच्या जवळ आहे. लहानपणी गरवण्याचा, म्हणजे गरीने (गळाने) मासे पकडण्याचा नाद होता, तो नोकरीत सुटला आणि आता पुन्हा लागला आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, तासन्‌तास एका जागी बसून कसला व्यायाम होतो? त्यापेक्षा सरळ चालायला जा." रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि गुडघे कुरकुरतात. मी गरवायला जावे की नाही?
(सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : आपण अवश्य जावे. चिरंजीवांचा आक्षेप मात्र अगदीच झटकून टाकण्यासारखा नाही. शारीरिक श्रम मोजताना स्वस्थ बसलेल्या माणसाला लागणारी ऊर्जा एक धरतात आणि एखाद्या कामाला तिच्या किती पट ऊर्जा लागते, हे पाहतात. या मोजणीत होडीत बसून गरवण्याला दोन, काठावर उभे राहून गरवण्याला साडेतीन आणि काठाने चालत जागा बदलत गरवण्याला चार असे अंक दिलेले आहेत. तीनच्या पुढचे आणि सहाच्या आतले श्रम मध्यम समजले जातात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार 65 वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान 150 मिनिटे असे मध्यम श्रम करावेत. म्हणजे आपण धक्क्यावर बैठक मारून गरी पाण्यात सोडून बसलात तर चिरंजीव जिंकले, आणि अर्ध्या-पाऊण तासाने जागा बदलत, बांधावरून चालत राहिलात तर आपण जिंकलात. वाटेत भुसभुशीत वाळू असेल तर अधिकच चांगले, कारण तशा वाळूत चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून अधिक ऊर्जा खर्च होते. अर्थात त्याच कारणाने सुरुवातीचे काही दिवस वाळूतले अंतर कमी ठेवावे, नाहीतर पोटऱ्या आणि टाचा दुखू लागतील.

याच सूचनांमध्ये आणखी एक गोष्ट सांगितलेली आहे, जी आपल्याकडचे बहुतेक ज्येष्ठ विसरतात. आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि स्नायूंची ताकद या दोन्हींचा व्यायाम हवा, कारण उतारवयात माणूस अंथरुणाला खिळतो तो पुष्कळदा दम कमी पडल्याने नव्हे, तर पडून खुब्याचे हाड मोडल्याने. डांबरी रस्त्यावरच्या फेरीत तोलाचा कस फारसा लागत नाही. खाडीच्या बांधावरची उंचसखल वाट, उभे राहून कंबरेतून वळत गरी लांब फेकणे, मासा लागला की पाय रोवून दोर आवरणे, यांत तो लागतो. परंतु जी वाट तोल शिकवते तीच पाडतेही. जांभ्याच्या कातळावरचे शेवाळ, ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या धक्क्याच्या ओल्या पायऱ्या आणि चिखलात रुतणारी चप्पल या तीन गोष्टींना मी आपल्या रक्तदाबापेक्षा अधिक घाबरतो. मागे पट्टा असलेली, खरबरीत तळव्याची पादत्राणे वापरावीत, कातळावर जाण्याचा मोह टाळावा, काळोख पडण्यापूर्वी परतावे आणि एकट्याने जाऊ नये. सोबत कोणी नसेल तर निदान कुठल्या बाजूला गेलो आहोत, हे घरी सांगून जावे.

गुडघ्यांसाठी एकच पथ्य पाळावे. उकिडवे बसू नये. घडीचे उंच स्टूल बरोबर न्यावे, कारण गुडघ्यांच्या पातळीपेक्षा उंच बसले की उठताना त्यांच्यावरचा भार बराच कमी होतो. रक्तदाबाच्या गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारे औषध असेल तर उन्हात शरीरातले पाणी लवकर घटते आणि बराच वेळ बसून एकदम उठल्यावर चक्कर येते. पाण्याच्या कडेला आलेली चक्कर घरातल्या चकरेपेक्षा कितीतरी धोक्याची असते. म्हणून उठण्यापूर्वी पावले वर-खाली हलवावीत, उठल्यावर क्षणभर थांबावे आणि मगच पाऊल उचलावे. पिण्याचे पाणी बरोबर असावे आणि तहान लागण्याची वाट पाहू नये, कारण वाढत्या वयात तहानेची जाणीवच मंदावते.

गरीला शेंगाळा लागला तर तो काढताना जपावे. त्याच्या परांचे काटे विषारी असतात. काटा बोचलाच तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्याने वेदना कमी होते, पण त्या पाण्याचा चटका बसणार नाही हे आधी दुसऱ्या हाताने तपासावे. त्यानंतर डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी.

आता मिळालेल्या माशांविषयी. उतारवयात स्नायू टिकवायचे तर वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 60 किलो वजनाच्या माणसाला साधारण 60 ते 72 ग्रॅम. आपल्याकडे रात्री पेज किंवा दूध-भात घेऊन झोपणारे ज्येष्ठ त्याच्या जवळपासही पोहोचत नाहीत. शंभर ग्रॅम ताज्या मासळीतून 18 ते 20 ग्रॅम प्रथिने मिळतात, त्यामुळे बोय किंवा तांबोशी घरी आणणारे आजोबा स्वतःच्या स्नायूंची सोयही करत असतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. जास्तीची मासळी खारवून सुकवण्याची पद्धत आपल्या घरी असेल, तर ती सुकी मासळी इतरांना वाटून टाकावी. रक्तदाबाच्या गोळीने जे कमावले, ते तिच्यातल्या मिठाने जाते.

प्रश्न : वय 68. आमच्या वाडीतल्या रापणीवर मी तरुणपणापासून जात होतो. सहा महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला आणि अँजिओप्लास्टी झाली. आता छातीत दुखत नाही, घरातली कामे करतो. रापणीवरचे सोबती बोलावतात, घरचे सोडत नाहीत. दोर ओढला तर चालेल का?
(मालवण तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : किनाऱ्यापासून दूरच्या वाचकांसाठी दोन वाक्ये सांगणे आवश्यक आहे. रापणीत होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात, आणि दोन बाजूंना उभी राहिलेली माणसे पाय वाळूत रोवून, मागे मागे सरकत ते जाळे ओढून आणतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात.

आपल्या प्रश्नाचे उत्तर तपासणीशिवाय देणे योग्य नाही, परंतु तपासणीत काय विचारावे, ते सांगतो. दोन गोष्टी हव्यात. पहिली म्हणजे इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता किती आहे, आणि दुसरी म्हणजे पट्ट्यावर चालवून केलेली ताणचाचणी. आपण चालताना किती श्रम सोसता, हे त्या चाचणीतून कळते. तरीही एक अडचण उरते. पट्ट्यावरचे चालणे लयीत असते आणि दोर ओढणे तसे नसते. जाळे जड लागले की माणूस श्वास कोंडून जोर लावतो, आणि त्या क्षणी रक्तदाब एकदम चढतो. दुरुस्त झालेल्या हृदयाला चालण्यापेक्षा हा अचानक येणारा ताण जड जातो. म्हणून अहवाल चांगले आले, तरी पहिल्या दिवशी दोराच्या पुढच्या टोकाला उभे राहू नये. वाळूवर येणारा दोर गुंडाळणे, जाळ्यात अडकलेले शेवाळ आणि कचरा काढणे, मासळी निवडणे ही कामे रापणीचीच आहेत. वाकणे, उचलणे आणि चालणे त्यांत भरपूर आहे, आणि वाडीतल्या माणसांना त्यांचे मोल ठाऊक असते.

पुढे दोर हाती घ्यायचाच झाला, तर जोर लावताना श्वास बाहेर सोडावा. मोठ्याने हाळी देत ओढण्याच्या प्रथेत हा फायदा आपोआप मिळतो, कारण ओरडणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही. ताकद मांड्यांची लावावी, खांद्यांची नव्हे. काम करताना शेजाऱ्याशी वाक्य पूर्ण बोलता येत असेल तर श्रम आवाक्यात आहेत, आणि दोन शब्दांनंतर दम लागत असेल तर दोर सोडून बाजूला व्हावे. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळा घाम यांपैकी काहीही जाणवले तर "थोडा वेळ बसून बघू" हा विचार करू नये आणि थेट रुग्णालय गाठावे. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या आपल्याला चालू असतील. झटक्यानंतर त्या बहुधा वर्षभर देतात. जाळ्याने हात कापला तर रक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ वाहील, म्हणून हातमोजे वापरावेत, पण रापणीसाठी गोळी चुकवण्याचा उद्योग कदापि करू नये. अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेल्या स्टेंटमध्ये (जाळीदार नळीत) गुठळी होऊन दुसरा झटका येण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

आणखी एक इशारा रापणीवरच्या सगळ्याच ज्येष्ठांना द्यावासा वाटतो. पावसाळ्यात रापण बंद असते, माणसे घरात असतात, आणि नारळी पौर्णिमेनंतर काम पुन्हा सुरू झाले की पहिल्याच दिवशी गेल्या हंगामातल्या जोराने ओढू पाहतात. काही महिन्यांच्या विश्रांतीत तरुणाचे स्नायू थोडे उतरतात आणि साठीनंतर ते बरेच उतरतात. जून आणि जुलैमध्ये खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीवर हात टेकवून केलेले दंड आणि पाण्याने भरलेल्या कळश्या दोन्ही हातांत घेऊन पडवीत फेऱ्या मारणे एवढे केले, तरी हंगामाची सुरुवात सुखाची होते. हाताच्या पकडीची ताकद ही किरकोळ बाब नाही. भारतासह 17 देशांतील सुमारे 1 लाख 40 हजार लोकांच्या 2015 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पकड 5 किलोने कमी असलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण 16 टक्क्यांनी अधिक आढळले. याचा अर्थ मूठ आवळण्याचा सराव केल्याने आयुष्य वाढते असा होत नाही. पकड ही सबंध शरीराच्या ताकदीची खूण आहे, आणि रापणकाराची ती खूण सहसा चांगली असते, एवढेच.

प्रश्न : वय 74. आमच्या गावात पूर्वी पारध होत असे. मी हाक्यालाही (जनावरे उठवून शिकाऱ्याकडे हाकण्यालाही) गेलो आहे आणि बंदूकही चालवली आहे. त्या काळात डोंगर चढताना कधी दम लागला नाही. आता डुकरे शेतात येतात, घरात पीकसंरक्षणाचा परवाना असलेली बंदूक आहे. पुन्हा रानात जाऊ लागलो तर तब्येत सुधारेल, असे वाटते. आपले मत काय?
(रत्नागिरी जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : रानात जरूर जावे, बंदूक घरी ठेवावी. 1972 सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणे, फासे लावणे आणि तसा प्रयत्न करणे हेही धरलेले आहे. पीकसंरक्षणाचा परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो, त्याने रानडुक्कर मारण्याची मुभा मिळत नाही. उपद्रवी डुकराबाबत वनखात्याकडे रीतसर अर्ज करून अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळवावी लागते. तब्येतीच्या कारणाने अशी परवानगी कोणी देणार नाही आणि देऊही नये.

आपल्या आठवणीतले निरीक्षण मात्र खरे आहे. श्रमांच्या ज्या मोजणीचा उल्लेख वर आला, तिच्यात शिकारीला पाचचा अंक आहे, म्हणजे ती काठाने चालत गरवण्याहून अधिक कष्टाची. हे कष्ट गोळी झाडण्यात नव्हते. चढण, झुडपांतून वाकून जाणे, ओढा ओलांडणे, पाय न वाजवता चालणे आणि माग हेरत थांबणे यांत ते होते, आणि यांतल्या एकाही गोष्टीला कायद्याची आडकाठी नाही. जिम कॉर्बेट यांनी कुमाऊंतील ठाक गावची नरभक्षक वाघीण 1938 साली मारली तेव्हा त्यांचे वय 63 होते, आणि त्याआधीपासूनच त्यांचा ओढा कॅमेऱ्याकडे वळलेला होता. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडणारे सालिम अली पुढे पक्ष्यांच्या मागे रानोमाळ हिंडले, अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला, आणि ऐंशीच्या घरातही त्यांचे हिंडणे थांबले नव्हते. आपल्याला माग कळतो, वारा कळतो, पाणवठे ठाऊक आहेत. गावातल्या दोन-चार तरुणांना घेऊन आठवड्यातून तीन सकाळी जुन्या पायवाटांनी जावे आणि त्यांना ते दाखवावे. हातात खांद्याइतकी उंच काठी असावी, कारण उतारावर गुडघ्यांना तिचा आधार चढणीपेक्षा अधिक लागतो.

एक तपासणी आपण आवर्जून करून घ्यावी. ज्यांनी वर्षानुवर्षे बंदूक चालवली, त्यांच्या कानांची तीव्र स्वर ऐकण्याची शक्ती कमी झालेली असते, आणि उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्यांचा डावा कान अधिक बिघडतो. पक्ष्यांचा किलबिलाट पूर्वीपेक्षा कमी झाला आहे असे आपल्याला वाटत असेल, तर रानाला दोष देण्यापूर्वी कान तपासावेत. ऐकू कमी येण्याचा संबंध तोल जाण्याशी आणि स्मृतिभ्रंशाशीही आढळलेला आहे, आणि श्रवणयंत्र लावण्यात काहीही कमीपणा नाही.

प्रश्न : वय 66. मी ओहोटीला खाडीत मुळे, तिसऱ्या आणि कालवे असे शिंपले काढायला जाते. मधुमेह बारा वर्षांपासून आहे, गोळ्या घेते. दोनदा चिखलातच डोळ्यांपुढे अंधारी आली. सुनेने आता जाऊ नका असे सांगितले आहे. मला घरात बसवत नाही.
(रायगड जिल्ह्यातील एक वाचिका)

उत्तर : ताई, आपण घरात बसू नये. चिखलातून पाय उपसत चालणे आणि भरलेली पाटी उचलून आणणे हे पुष्कळ पैसे भरून केलेल्या व्यायामाच्या तोडीचे काम आहे. सूनबाईंची काळजी मात्र योग्य आहे, आणि अंधारी येण्याचे कारण मला बहुधा आपल्या वेळापत्रकात दिसते.

गोळीची वेळ घड्याळावर असते आणि ओहोटीची तिथीवर. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा आपल्याकडचा जुना हिशेब आपल्याला ठाऊक असेलच. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी सर्वांत लांब हटते तेही तेव्हाच. अष्टमीला ओहोटी दुपारी येते, पण भांगाच्या त्या दिवसांत पाणी फारसे मागे जात नाही. साहजिकच आपण उधाणाच्या दिवसांत पहाटे उठून, चहा घेऊन आणि बहुधा सवयीने गोळीही घेऊन खाडीवर जात असाल, आणि न्याहारी परतल्यावर करत असाल. ग्लिमेपिराइडसारखी गोळी रिकाम्या पोटी घेऊन दोन तास असे कष्ट केले, तर रक्तातली साखर उतरणारच. अंधारी, थरथर, घाम आणि धडधड ही तिची लक्षणे आहेत. आपली गोळी कोणती आहे ते डॉक्टरांना दाखवून, उधाणाच्या दिवसांत ती न्याहारीबरोबर परतल्यावर घ्यावी का किंवा तिची मात्रा बदलावी का, हे स्पष्ट विचारावे. जाण्यापूर्वी भाकरीचा तुकडा किंवा केळे खावे. पदराच्या गाठीला साखरेची पुडी असावी आणि अंधारी येताच ती तोंडात टाकून कोरड्या जागी यावे.

दुसरी काळजी पायांची. बारा वर्षांच्या मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी झालेली असू शकते, आणि कालवाची धार लागलेली कळतही नाही. समुद्राच्या आणि खाडीच्या पाण्यात असे काही जिवाणू असतात, जे मधुमेही किंवा यकृताच्या रुग्णाच्या साध्या जखमेतून काही तासांत गंभीर संसर्ग करतात. अनवाणी जाऊ नये. घट्ट बसणारे रबरी बूट घालावेत, परतल्यावर गोड्या पाण्याने पाय धुऊन, कोरडे करून, बोटांच्या बेचक्यांसह तळवे सूनबाईंकडून पाहून घ्यावेत. पायावर आधीच जखम असेल तर ती भरेपर्यंत खाडी बंद. जखमेभोवती लाली पसरली, फोड आले किंवा ताप चढला तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे, लेप लावून रात्र काढू नये.

भरती फिरली की लगेच निघावे. चिखलात तरुण माणूस जेवढ्या वेळात काठ गाठतो, त्याच्या दुप्पट वेळ आपल्याला लागेल, असे धरून चालावे.

प्रश्न : पहिल्या पावसात वलगणीचे मासे पकडायला रात्री मी मुलांबरोबर जातो. वय 69, प्रकृती ठणठणीत. हरकत आहे का?
(ठाणे जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : हरकत आहे. वलगणीला जो मासा पाण्याविरुद्ध चढून शेतात येतो, तो अंडी घालायला येतो, आणि त्याला वाटेतच पकडले तर पुढच्या वर्षीचा मासा तितका कमी होतो. हा युक्तिवाद आपल्या सोबत्यांना पटणार नसेल, तर आरोग्याचा ऐकावा. उंदीर-घुशींच्या आणि गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पावसाळी पाण्यातून, पायावरच्या बारीकशा चिरेतूनही, लेप्टोस्पायरोसिस होतो. साठीनंतर तो मूत्रपिंडे आणि यकृत यांना अधिक जोराने धरतो. त्यातच काळोखात ओढ्याचे पाणी किती वाढले, हे दिसत नाही आणि बांधांवर साप बाहेर आलेले असतात. यापूर्वी गेला असाल आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे किंवा डोळे लाल होणे असे काही झाले, तर आपण पाण्यात उतरला होता हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. त्या एका माहितीने रोगाचे निदान लवकर होते.